मोहफुलापासून बांबूच्या दाण्यापर्यंत

फूल हा सपुष्प वनस्पतीचा प्रजननाचा अवयव. देठाच्या टोकावर त्याची चार मंडले एकात एक बसलेली असतात. सर्वांत बाहेर निदलपुंज, तो कळीचे रक्षण करतो. त्याच्या आत पाकळ्यांचा दलपुंज, मग पुंकेसरांचे पुमंग आणि मधोमध स्त्रीकेसरांचे जायांग. पुंकेसराच्या टोकावरील परागकोशात परागकण तयार होतात. स्त्रीकेसराचा खालचा फुगीर भाग म्हणजे अंडाशय, त्यात बीजांडे असतात. वरची दांडी कुक्षिवृंत आणि तिचे चिकट टोक म्हणजे कुक्षी. परागकण कुक्षीवर पोचला आणि त्यातील पुंयुग्मक बीजांडातील अंड्याशी मिळाले, की बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ. जगातील सुमारे तीन लाख जातींच्या सपुष्प वनस्पतींचा वंश मुख्यतः याच वाटेने चालतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुका अंधारी आणि वैनगंगा या नद्यांच्या पट्ट्यात आहे. साग, मोह, पळस, तेंदू, चार, ऐन, धावडा, बेहडा आणि बांबू यांचे इथले कोरडे पानझडी जंगल वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत अधिक दाट होत जाते. या भागात फूल आणि फळ हे घरच्या उत्पन्नाचे साधन आहे. मोहफूल, मोहाची टोळी, चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा यांपैकी काहीही गोळा केले, तरी झाडाच्या प्रजननातील कोणत्या तरी टप्प्यावर माणसाचा हात पडतोच. तो कोणत्या टप्प्यावर पडतो, यावर त्या झाडाची पुढची पिढी अवलंबून असते. म्हणून या जंगलात परागण, फलन आणि बीजप्रसार हे विषय पाठ्यपुस्तकात मावण्यापुरते लहान राहत नाहीत.

मोहाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मार्च-एप्रिलमध्ये, जुनी पाने झडून गेलेली आणि नवी तांबूस पालवी अजून कोवळी असताना, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके लोंबतात. तपकिरी लव असलेल्या चार निदलांतून मलईच्या रंगाचा, रसाळ, गोल फुगलेला दलपुंज बाहेर येतो. त्याच्या आतल्या भिंतीला वीस-तीस पुंकेसर चिकटलेले असतात. दलपुंज पुरता वाढण्याआधीच कुक्षिवृंत त्याच्या तोंडातून बाहेर डोकावू लागतो. म्हणजे फूल आधी मादीचे काम करते, नराचे नंतर. स्वतःचे पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. रात्री फलाहारी वटवाघळे या झुबक्यांवर येतात. गोड दलपुंज ओढून खाताना त्यांच्या तोंडाला आणि अंगाला पराग लागतात आणि पुढच्या झाडावरच्या कुक्षीला पोचतात. पहाटेच्या सुमारास उरलेले दलपुंज पुंकेसरांसह गळून पडतात आणि झाडाखाली सडा होतो.

माणूस वेचतो तो हा गळलेला दलपुंज. अंडाशय आणि लांब कुक्षिवृंत वर फांदीवरच राहतात आणि त्यांचेच पुढे फळ होते. मोहफूल वेचल्याने मोहाच्या फळाचे काही नुकसान होत नाही. झाडाने आपले काम संपवून टाकून दिलेला भाग तेवढा उचलला जातो. जंगलातून काढल्या जाणाऱ्या वस्तूंत इतकी निर्धोक वस्तू दुसरी क्वचितच असेल. पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. जून-जुलैमध्ये फळे पिकून पडतात आणि त्यांतील बिया, म्हणजे टोळी, तेलासाठी गोळा होतात. तिथे माणूस थेट पुढची पिढी उचलतो.

वनस्पतींनाही लिंग असते आणि पराग हे नराचे द्रव्य आहे, हे प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय जर्मनीतील रुडॉल्फ कामेरारियस यांना जाते. त्यांचे लेखन 1694 सालचे. फुलाचा रंग, वास आणि मध ही कीटकांना बोलावण्याची साधने आहेत, हे ख्रिश्चन स्प्रेंगेल यांनी 1793 मध्ये सविस्तर मांडले. पोंभुर्ण्याच्या जंगलात ही साधने कोणत्या झाडाने कोणासाठी मांडली आहेत, हे फुलांकडे पाहूनच बरेचसे ओळखता येते.

पळसाचे फूल पक्ष्यांसाठी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण झाडावर काळपट मखमली निदलपुंजातून केशरी फुले उमलतात. त्यांना माणसाला जाणवेल असा वास नसतो, मध मात्र भरपूर असतो. फूल हातात घेऊन पाहिले तर पाच पाकळ्यांची कामे वेगवेगळी दिसतात. मागे वळलेली मोठी पाकळी म्हणजे ध्वज, दोन बाजूंचे दोन पंख आणि पुढच्या दोन पाकळ्या जुळून झालेली, पोपटाच्या चोचीसारखी बाकदार नौका. या नौकेत दहा पुंकेसर आणि कुक्षी लपलेली असते. मधासाठी चोच आत घातली की नौका दाबली जाते आणि पुंकेसर बाहेर येऊन पक्ष्याच्या अंगाला टेकतात. पळसावर मैना, कोतवाल, बुलबुल असे अनेक पक्षी गर्दी करतात, पण पाहुणा आणि परागवाहक यांत फरक असतो. दिल्ली विद्यापीठातील राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खरे परागण करणारा पक्षी म्हणून जांभळा शिंजीर पुढे आला. त्याच्या जोडीला खार. मध खाणारे बाकीचे बरेचसे पक्षी झाडाच्या फारसे उपयोगी पडत नाहीत. पळसाच्या फुलांच्या मानाने शेंगा इतक्या कमी का लागतात, याचे एक कारण यात आहे.

बहाव्याची रीत आणखी वेगळी. मे महिन्यात लोंबणाऱ्या त्याच्या पिवळ्या फुलांत दहा पुंकेसर असतात आणि ते एकसारखे नसतात. तीन लांब आणि वर वळलेले, चार मध्यम आणि सरळ, तीन अगदी लहान. मोठे काळे भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात, त्यासरशी परागकोशातून पराग उडतात. मधल्या पुंकेसरांचे पराग भुंग्याला खायला मिळतात. लांब पुंकेसरांचे पराग त्याच्या अंगाच्या अशा भागाला लागतात, जिथून पुढच्या फुलाच्या कुक्षीला ते सहज पोचावेत. काटेसावरीची जाडजूड लाल फुले दिवसा पक्ष्यांना आणि रात्री वटवाघळांना मध देतात. चार, ऐन, बेहडा यांची फुले बारीक आणि फिकट. त्यांच्यावर मधमाश्या आणि माश्या काम करतात. आग्या, सातेरी आणि फुलोरी या तिन्ही मधमाश्या या भागात आहेत. ज्या जंगलातून आग्या मोहोळ धूर करून समूळ जाळून काढले जाते, तिथे मधाबरोबर पुढच्या हंगामातील फळधारणाही कमी होते. हे नुकसान सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

उंबराला फूल येत नाही असा समज सर्वत्र आहे आणि दुर्मीळ गोष्टीला उंबराचे फूल म्हणण्याची पद्धतही त्यातूनच आली. प्रत्यक्षात एका उंबरात शेकडो फुले असतात, फक्त ती आतल्या बाजूला असतात. उंबर हे फळ दिसत असले तरी ते आत वळून बंद झालेले फुलोऱ्याचे बोंड आहे. त्याच्या टोकावर खवल्यांनी झाकलेले एक बारीक छिद्र असते. उंबराशी जोडलेली एकच सूक्ष्म गांधीलमाशी, सेराटोसोलेन फुसिसेप्स, या छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती परत बाहेर येत नाही. बरोबर आणलेले पराग ती मादीफुलांच्या कुक्षींवर घालते आणि काही फुलांच्या अंडाशयांत अंडी घालून मरते. त्या फुलांत तिची पिले वाढतात, बाकीच्या फुलांत उंबराच्या बिया. आधी बिनपंखी नर बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात आणि उंबराच्या भिंतीला भोक पाडतात. तोवर नरफुले तयार झालेली असतात. नव्या माद्या त्यांचे पराग घेऊन त्या भोकातून उडून जातात. मग उंबर पिकते. पिकलेले उंबर फोडल्यावर जे किडे दिसतात, त्यांतील काही तरी या परागवाहकाच्या कुळातले असतात. हा कीटक नसेल तर उंबरात बी धरत नाही आणि उंबर नसेल तर या कीटकाला दुसरे घर नाही. वड आणि पिंपळ यांच्याही अशाच आपापल्या गांधीलमाश्या आहेत. या कीटकांची पिढी खंडू नये म्हणून परिसरात कोणत्या ना कोणत्या उंबराला वर्षभर बोंडे असावी लागतात, आणि त्यामुळेच इतर काही पिकत नाही अशा दिवसांतही पक्षी, माकडे आणि वटवाघळे यांना उंबर मिळते. उंबर तोडले की दोन्हींची साखळी एकदम विरळ होते.

साग या सर्वांच्या उलट हंगामात फुलतो. जून ते ऑगस्ट, ऐन पावसात, फांद्यांच्या टोकांवर त्याचे मोठे पांढरे फुलोरे येतात. एका फुलोऱ्यात हजारो बारीक फुले असतात आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. स्वतःच्या परागांनी बी धरणे सागात फार कमी. दुसऱ्या झाडाचे पराग घेऊन बारीक मधमाश्या याव्या लागतात आणि पावसात त्या येतातच असे नाही. हजारो फुलांतून मूठभर फळे उरतात ती यामुळे. सागाच्या बाबतीत फुलण्याचा लाकडाशीही संबंध आहे. पहिला फुलोरा शेंड्यावरच येतो, त्यामुळे शेंड्याची वाढ थांबते आणि खोड दुभंगते. जो साग उशिरा फुलतो त्याचे सरळ खोड जास्त उंच होते. गडचिरोली जिल्ह्यातील 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या राखलेल्या वनखंडातील उंच सागवृक्ष पाहताना ही बाब ध्यानात ठेवावी. हे वनखंड 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले.

परागकण कुक्षीवर पडला म्हणजे फलन झाले असे नाही. कुक्षीवर तो रुजतो आणि त्यातून एक सूक्ष्म नलिका निघते. कुक्षी इथे निवड करते: परक्या जातीचे आणि अनेक झाडांत स्वतःचेही पराग रुजू दिले जात नाहीत किंवा त्यांची नलिका वाटेतच अडते. जिला वाट मिळते ती नलिका कुक्षिवृंतातून अंडाशयात आणि तिथून बीजांडात शिरते. बीजांडातील भ्रूणकोशात सहसा सात पेशी आणि आठ केंद्रके असतात. नलिकेने आणलेल्या दोन पुंयुग्मकांपैकी एक अंड्याशी मिळते आणि त्याचा भ्रूण होतो. दुसरे मधल्या पेशीतील दोन केंद्रकांशी मिळते आणि त्याचा भ्रूणपोष होतो, म्हणजे भ्रूणाची शिदोरी. हे दुहेरी फलन सपुष्प वनस्पतींचे वैशिष्ट्य आहे. ते रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये लिलीच्या कुळातील फुलांत प्रथम पाहिले. भारतात या विषयाची मोठी परंपरा दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी उभी केली. सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील त्यांचा 1950 सालचा ग्रंथ जगभर वापरला गेला, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत खसखशीच्या बीजांडांचे परीक्षानळीत फलन घडवण्यात आले.

भ्रूणपोषाचे महत्त्व ताटात दिसते. चंद्रपूर-गडचिरोली हा धानाचा मुलूख आणि तांदळाचा दाणा म्हणजे जवळजवळ सगळा भ्रूणपोष. चारोळीत आणि मोहाच्या बीत तो उरत नाही. वाढणारा भ्रूण तो संपवतो आणि अन्न आपल्या दोन जाड बीजपत्रांत साठवतो. खिरीत पडतात ती चारोळीची बीजपत्रे, आणि टोळीचे तेल निघते ते मोहाच्या बीजपत्रांतून. तेंदूच्या बीत मात्र कठीण भ्रूणपोष शेवटपर्यंत टिकतो.

धानाचे परागण जंगलातील झाडांपेक्षा अगदी निराळे आहे. सकाळी उशिरा दाण्याचे तूस थोडा वेळ उघडते, सहा पुंकेसर बाहेर येतात, आणि तेवढ्यातच परागकोश फुटून त्याच फुलाच्या कुक्षीवर पराग पडतात. परक्या परागाला सहसा संधीच मिळत नाही. या स्वपरागणामुळे एका रोपाचे गुण पुढच्या पिढ्यांत जसेच्या तसे उतरतात. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचे काम याच गुणावर उभे राहिले. 1983 मध्ये पटेल-3 या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून निराळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड चालू ठेवली आणि त्यातून एचएमटी हा बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार झाला. तो चंद्रपूरबाहेर अनेक राज्यांत पसरला. बारकाईने पाहणारी नजर आणि चिकाटी त्यांची होती. निवडलेली लोंबी पुढे बदलली नाही, ती धानाच्या फुलाच्या रचनेमुळे. मोहाच्या बाबतीत असे होत नाही. गोड, भरपूर फुलणाऱ्या मोहाची बी लावली तरी दुसरा पालक कोणता हे ठाऊक नसते आणि रोप तसेच निघेल याची खात्री नसते. तो गुण टिकवायचा तर कलम करावे लागते.

फलनानंतर अंडाशयाचे फळ होते आणि फळाची रचना बी कुठे जाणार हे ठरवते. पळसाची चपटी शेंग, म्हणजे पळसपापडी, वाऱ्यावर गिरक्या घेत खाली येते. तिच्यात एकच बी आणि तेही टोकाला. ऐन आणि धावड्याच्या फळांना पंख असतात. सागाचे फळ फुगलेल्या निदलपुंजाच्या पातळ पिशवीत असते आणि आतली आठोळी फार कठीण असते. तिला ऊन-पावसाचे फेरे लागल्याशिवाय ती उगवत नाही; म्हणून रोपवाटिकेत सागाचे बियाणे आळीपाळीने भिजवून वाळवतात.

प्राण्यांकडून होणाऱ्या प्रसारात या जंगलात अस्वलाचा वाटा मोठा आहे. मोहफुलांबरोबर ते तेंदू, चार, बोर, बहावा यांची फळे खाते आणि बिया मैलभर दूर विष्ठेतून टाकते. बहाव्याच्या लांब शेंगेतल्या बियांचे कवच कठीण असते. पोटातून गेल्याने ते मऊ होण्यास मदत होते. बांडगुळाची बी तर जमिनीवर पडून उपयोगच नाही, तिला फांदीच हवी. तिच्याभोवती चिकट गर असतो. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी ते फळ खातो आणि चिकट बी सोडवून घेण्यासाठी शेपटीकडचा भाग फांदीवर घासतो. बी तिथेच चिकटते आणि तिथेच रुजते.

रुजणे हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा. जंगलातील बहुतेक झाडे उन्हाळ्यात फुलून पावसाच्या तोंडावर बी टाकतात, यामागे ओलाव्याचा हिशेब आहे. मोहाची बी तेलकट आणि ओली. ती काही आठवड्यांतच मरते. जुलैत पडलेली बी त्याच पावसाळ्यात रुजली नाही तर संपली. ती बहुतेक गोळा झाली, तर जुन्या मोहांखाली नवी रोपे दिसत नाहीत. त्यात फुले वेचायला जमीन स्वच्छ हवी म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि मागच्या वर्षीची रोपे त्यात जळतात. मोहफूल वेचणे निर्धोक, पण त्यासाठी लावलेली आग निर्धोक नाही. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही आणि फुलेही मातीत पडत नाहीत. चारोळीचे नुकसान आणखी आधी सुरू होते. भाव चांगला, म्हणून दुसऱ्याने नेण्याआधी आपण न्यावी या घाईत फळे कच्ची तोडली जातात, कधी फांद्यांसह. कच्च्या फळातला भ्रूण पुरता वाढलेला नसतो. ती बी ना चांगली चारोळी देते, ना रोप. मोहाची काही झाडे गावाने टोळीसाठी न वेचता राखली आणि चार पिकेपर्यंत थांबण्याचा नियम ग्रामसभेने पाळला, तर दोन्ही झाडांची नवी पिढी उभी राहू शकते.

बीशिवायही झाडे वाढतात. तेंदूत नर आणि मादी फुले सहसा वेगवेगळ्या झाडांवर असतात, त्यामुळे फळ मादी झाडालाच. पण तेंदूचा विस्तार बीपेक्षा मुळांतून निघणाऱ्या फुटव्यांनी जास्त होतो. उन्हाळ्याआधी झुडपे छाटली की मुळांतून नवे धुमारे येतात आणि त्यांची मोठी, कोवळी पाने मे महिन्यात विडीसाठी तोडली जातात. हे सर्व धुमारे एकाच झाडाचे अंश असतात. त्यांत नवे गुण मिसळत नाहीत. वर्षानुवर्षे छाटलेल्या तेंदूला मोठे होऊन फुलायला अवधीच मिळत नाही. रान तेंदूने भरलेले दिसते, मात्र फळणारी मोठी झाडे विरळ होतात. पळसही असाच मुळांतून फुटतो, म्हणूनच शेताच्या बांधावरून तो हटता हटत नाही.

बांबूत या दोन्ही पद्धतींचे टोक दिसते. जमिनीखालच्या कंदखोडातून दर पावसाळ्यात नवे कोंब, म्हणजे वास्ते, येतात आणि कित्येक दशके बेट फुलाविना वाढत राहते. मग एका वर्षी पाने झडतात आणि बांबूवर गोळ्यांसारखे टोकदार फुलोरे येतात. बांबू गवताच्या कुळातला; त्याचे पराग वारा नेतो, त्याला रंग-मधाची गरज नाही. दाणा धानासारखाच, भ्रूणपोषाने भरलेला. दाणे पडले की बेट वाळून मरते. या भागातील मुख्य भरीव बांबूची तुरळक बेटे अधूनमधून फुलत असतात, पण सारे जंगल एकदम फुलण्याचा फेरा काही दशकांनी येतो. काटेरी कटांग बांबूचेही तसेच. सगळी बेटे एकाच वेळी का फुलतात, याचे डॅनियल जॅन्झेन यांनी 1976 मध्ये दिलेले स्पष्टीकरण आज सर्वाधिक मान्य आहे: उंदीर, घुशी, पक्षी, रानडुकरे पोट भरेपर्यंत खाऊनही दाणे उरावेत इतके ते एकाच हंगामात पडतात. थोडे थोडे पडले असते तर एकही वाचला नसता. याची दुसरी बाजू मिझोरामने भोगली. तिथला एक बांबू 48 वर्षांनी फुलतो. 1959 च्या फुलोऱ्यानंतर वाढलेल्या उंदरांनी शेती फस्त केली आणि दुष्काळ पडला. बांबू फुलला की दुष्काळ येतो, ही समजूत पोकळ नाही.

बुरुडकामावर आणि बांबूच्या हस्तकलेवर जगणाऱ्या पोंभुर्ण्यासारख्या गावांसाठी सामूहिक फुलोरा म्हणजे काही वर्षांचा कच्चा माल एकदम जाणे. वाळलेली बेटे आगीला लवकर बळी पडतात आणि नेमके त्याच वेळी जमिनीवर लाखो कोवळी रोपे असतात. फुलोऱ्यानंतर आग आणि चराई यांपासून राखलेल्या जागी बांबू बीपासून पुन्हा दाट येतो. न राखलेल्या जागी गवत आणि झुडपे त्याची जागा घेतात. बांबू फुलण्याचे हे घड्याळ बेटाच्या आतच असते: कंद दूर नेऊन लावला तरी तो मूळ बेटाच्या सुमारास फुलतो. ते घड्याळ प्रयोगशाळेत पुढे सरकवता येते हे पुण्यात दिसले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रजनी नाडगौडा, व्ही. ए. पारशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हस यांनी ऊतिसंवर्धनाने वाढवलेली बांबूची रोपे, नारळाचे पाणी आणि सायटोकायनिन असलेल्या पोषक माध्यमात, बाटलीतच फुलवली आणि त्यांना बीही धरले. त्यांचा शोधनिबंध 1990 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक जात काटेरी कटांगची होती. दशकांची वाट न पाहता दोन बांबूंचा संकर करण्याची शक्यता त्या प्रयोगाने प्रथमच उघड झाली.